टाकी न उतरवताच ‘बदललेला’ पंप

जुनी पेट्रोल गाडी घेऊन हायवेला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आमची ऑल्टो २००७ची. गेल्या पावसाळ्यात बाबांना डोळे दाखवायला वाईहून पुण्याला नेत होते. शिरवळच्या अलीकडे चहाला थांबलो. निघताना किल्ली मारली, तर स्टार्टर छान फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन वायरी हलवल्या आणि म्हणाला, “ताई, पेट्रोलचा पंप गेलाय. टाकी उतरवावी लागेल. मजुरीसकट ७,८००.” बाबांची साडेअकराची वेळ होती. मी हो म्हणाले. गाडी तिथेच ठेवून आम्ही दुसरी गाडी करून पुढे गेलो.

संध्याकाळी परतलो तर गाडी एका सेल्फमध्ये चालू. बिल मागितलं, मिळाली वहीच्या कागदाची चिठ्ठी. जुना पंप मागितला, तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. तिथेच अडून बसायला हवं होतं.

बाराव्या दिवशी वाईत पुन्हा तेच. आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, “किल्ली नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. मागे कान द्या.” पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. आमचा गप्प. त्यांनी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा छोटा स्विच, काढून तिथे तसाच दुसरा बसवला. लगेच मागून ‘ऊंऽऽ’ आला आणि गाडी सुरू! जुन्या रिलेची टोपी उघडली, तर आतले पॉइंट जळून काळे झालेले. हलवाहलव केली की तात्पुरते चिकटायचे, एवढंच. नवा रिले २८० रुपयांना आला.

“अहो, पण पंप तर नुकताच बदललाय,” मी म्हणाले. ते टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि मलाही वाकून बघायला सांगितलं. टाकीच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा गंज आणि वाळलेला चिखल, पाना लागल्याची एकही चकाकती खूण नाही. एका बोल्टावर तर कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, अर्धं बोल्टाच्या डोक्यावर, अर्धं पत्र्यावर, अखंड. ते न फोडता टाकी उतरणंच शक्य नव्हतं. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून सांगते, कुणी ‘पंप गेला’ म्हणालं तर आधी आवाज ऐका. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले, मग पंपाच्या सॉकेटपर्यंत करंट येतोय का ते टेस्टरने दाखवायला सांगा. करंट येऊनही पंप मुका असेल, तरच पंपावर संशय. आवाज येतोय पण गाडी लागत नाही, तर गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजायला लावा आणि प्लगला स्पार्क आहे का तेही बघा. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, त्यामुळे सगळ्यात आधी दोन लिटर पेट्रोल घालून बघितलेलं बरं. पेट्रोलची लाइन मात्र स्वतः सोडू नका. आत दाब असतो, गरम इंजिनवर फवारा उडाला तर आग लागते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शन नसलेल्या जुन्या गाड्यांत बहुधा इंजिनवरच चालणारा पंप असतो, तिथे ही आवाजाची खूण चालत नाही.

बोल्टांचे फोटो घेऊन मी त्या गॅरेजात गेले. त्याने ओळखच दाखवली नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “पक्कं बिल आहे का?” माझ्याकडे ती चिठ्ठी होती, आणि तिच्यावर गाडीचा नंबरसुद्धा नव्हता.