बर्डीत उबुंटूवाला लॅपटॉप दाखवायचा असेल तर

नागपूरच्या सीताबर्डीत लॅपटॉपवाले ढीगभर, पण उबुंटू (विंडोजऐवजी वापरायची फुकट लिनक्स सिस्टिम) म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर: "विंडोज टाकून देतो ना भाऊ." मोदी नंबरच्या गल्लीतल्या या छोट्या दुकानातल्या पोराने तसं म्हटलं नाही, म्हणून हे लिहितोय.

तक्रार अशी: झाकण लावलं की मशीन झोपायचं, उघडलं की पंखा चालू आणि स्क्रीन काळीठिक्कर. शिवाय बॅगेत तापायचं, तेही नागपुरी मे महिन्यात!

पोराने आधी कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला-विझला. "कर्नल जिवंत आहे दादा, डिस्प्लेच उठून नाही राहिला." कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. मग बटण दाबून बंद-चालू केलं, जर्नलसीटीएल या कमांडने मागच्या बूटचा लॉग (नोंदी) काढला आणि मशीन कोणत्या प्रकारे झोपतं ते सांगणारी मेम-स्लीपची फाइल उघडली. तिथे एसटूआयडल (हलकी झोप) आणि डीप (गाढ झोप) दोन्ही होते, निवडलेला प्रकार दाखवणारा चौकटी कंस एसटूआयडलवर. म्हणजे प्रोसेसर नुसता डुलक्या घेत होता. डीपमध्ये जवळपास फक्त रॅमला वीज मिळते. त्याने तात्पुरतं डीप करून माझ्यासमोर झाकण पुन्हा पुन्हा लावून-उघडून पाहिलं आणि मगच ग्रबमध्ये (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) कायमचं लिहिलं. बऱ्याच नव्या मशीनमध्ये डीप नसतंच, तिथे बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) नाहीतर कर्नल अपडेट करून पाहावं लागतं, हेही न विचारता सांगितलं.

400 रुपये घेतले. वाजवी वाटले. बिल मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, बसायला एकच स्टूल आहे, आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा जीव जातो. मेट्रोने जा.