रत्नागिरीहून ग्रीस टूर : गाईड झकास, वेळेचा मात्र घोळ

रत्नागिरीतल्याच एका टूरवाल्यांबरोबर आम्ही ग्रीस केलं, मी, नवरा आणि आत्या. व्हिसाचं सगळं त्यांनीच बघितलं, फॉर्म भरण्यापासून ते मुंबईला बायोमेट्रिकसाठी कधी पोचायचं इथपर्यंत, त्यात आम्हाला काहीच त्रास पडला नाही. आणि अथेन्समध्ये जी गाईड दिली ना, ती बाई म्हणजे हिरा.

ॲक्रोपोलिस, म्हणजे जुन्या देवळांची टेकडी, तिचा सकाळचा पहिलाच स्लॉट घेतलेला, हे फार बरं केलं, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. वरचा संगमरवर लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून सटकावं तसा पाय सटकतो, तेव्हा चपला नकोत, ग्रिपवाले बूटच घाला. तिथलं मोठं देऊळ पार्थेनॉन, त्याचं काम इ.स.पूर्व 447 ला सुरू झालं आणि पार 1687 पर्यंत ते बरंचसं उभं होतं, मग आत तुर्कांनी ठेवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि मधलं सगळं उडालं, हे गाईडने तिथेच उभं करून इतकं छान सांगितलं की आमचा ग्रुप एकदम गप्प. बाजूच्या एरेक्थिऑन देवळाच्या ओसरीत खांब म्हणून उभ्या असलेल्या दगडी बायका नकली आहेत, खऱ्या पाच खाली म्युझियममध्ये आणि सहावी लंडनला. म्युझियममध्ये त्यांच्या मागे जाऊन उभे राहा, प्रत्येकीची जाड वेणी दगडात अशी कोरलीय की हात लावावासा वाटतो (लावू देत नाहीत).

एपिडॉरसचं जुनं उघडं दगडी थिएटर 55 रांगांचं, आत्या गुडघ्याचं दुखणं घेऊन हळूहळू वरपर्यंत गेली, खाली मधोमध गाईडने कागद फाडला तो तिला वर ऐकू आला. कोरिंथचा कालवा बसमधून उतरून फोटोपुरता, तेवढा पुरे.

राग आला तो डेल्फीला, अपोलो देवाच्या जुन्या देवस्थानाला. वाटेत एका दुकानात तासभर घालवला, कुणाला काही घ्यायचं नव्हतं तरी, आणि मग म्युझियमला जेमतेम वीस मिनिटं! तिथला तो ब्राँझचा सारथी, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा, त्याचे जडवलेले डोळे आणि धातूच्या बारीक पापण्यासुद्धा अजून शाबूत आहेत, त्याच्यासमोर नीट उभंही राहता आलं नाही. डोंगरावरचं स्टेडियम तर राहूनच गेलं. एवढे पैसे भरून माणूस दुकानं बघायला जातो का?

जेवण रोज इंडियन हॉटेलात, चव ठीक, पण तिन्ही बाजूंनी समुद्र असताना ताजा मासा एकदाच मिळाला, आपल्याकडच्या लोकांना हे कसं चालेल. तो मात्र नुसतं लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातलेला, मस्त होता.

पाचपैकी साडेतीन. बुकिंग करताना प्रत्येक ठिकाणी किती तास ते लिहून मागा आणि दुकानं काढून टाकायला सांगा. ऑलिंपिया (जुनी ऑलिंपिक व्हायची ती जागा) यांच्या टूरमध्ये नाहीच, ते हवं असेल तर एक रात्र वाढवून द्या म्हणून आधीच बोला, पैसे भरल्यावर ऐकत नाहीत.