रविवारचा चित्रकला वर्ग, मंगळवार पेठ, कोल्हापूर: मोठ्यांनीही जावं असा

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवतो. कंपनीचं ड्रॉइंग रोज हातात असतं, पण त्यात समांतर रेषा शेवटपर्यंत समांतरच राहतात. डोळ्याला मात्र त्या लांब जाताना एकमेकींकडं सरकताना दिसतात. हा फरक या वर्गात पहिल्यांदा नीट समजला.

सरांनी सुरुवातीला नुसता तांब्या दिला. डोळ्याच्या पातळीला धरला की त्याचं तोंड म्हणजे आडवी रेघ. टेबलावर ठेवला की लंबवर्तुळ, जमिनीवर ठेवला की तेच आणखी फुगीर. तिन्ही ठिकाणचा तांब्या काढायला लावला, तोही आधी आसाची उभी रेघ मारून. पेन्सिलीनं माप घेताना हात कोपरात वाकवायचा नाही, नाहीतर प्रत्येक माप वेगळं येतं, हेही तिथंच पक्कं झालं. शेडिंगच्या आधी सगळ्यांना राजारामपुरीतलं चित्रकार-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय बघून यायला सांगितलं. मांडरेंची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी पूड घासून छटा दिलेली, चित्रं जवळून बघा. कडेला रेघ न मारताही आकार कसा उठून येतो ते दिसतं.

‘काय काढू?’ याला सरांचं उत्तर मला सगळ्यात आवडलं: एक जागा धरा आणि तिथंच परत परत जा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव असाच वेगवेगळ्या वेळी रंगवला. मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्याच्या, म्हणजे जिथं समोर धार काढून दूध विकतात तिथल्या, म्हशी धरल्या. म्हैस काय आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून आधी पाठीची एक लांब रेघ, मग ज्या पायावर भार आहे तो पाय, मग शिंगं. तेवढ्यात ती हलली तर त्याच कागदावर शेजारी दुसरी सुरू करायची. आता विषय शोधत बसावं लागत नाही, कागदच पुरत नाहीत.

खर्च फार नाही. 2बी, 4बी, 6बी पेन्सिली आणि साधा कार्ट्रिज पेपर बास. फी महिन्याची घेतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या तयारीसाठी पोरांना घालणार असाल तर मात्र दुसरीकडं बघा. इथं संकल्पचित्र, अक्षरलेखन घेत नाहीत.

खोली अरुंद आहे. संध्याकाळी चारी बाजूंनी ट्यूबलाइट लागल्या की एका वस्तूच्या तीन-तीन पडछाया पडतात आणि शेडिंग शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. सकाळची तुकडी घ्या, आणि खिडकीकडची जागा आधीच सांगून ठेवा.