फोटोपीमध्ये ब्रश: आयता घ्यायचा, घडवायचा की आहे तोच वळवायचा?

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फोटोपी या फोटो एडिटरवर काम करणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. सोबत मिळणारे ब्रश गुळगुळीत, गोलमटोल. नेटवर बघावं तर फुकट ब्रशांचा खच पडलेला. आणि यूट्यूबवर कुणीतरी सांगत असतं की स्वतःचा ब्रश दोन मिनिटांत बनतो. मग करायचं काय? माझं मत आधीच सांगून टाकते: पोत हवा असेल तर आयता घ्या, अक्षर काढायचं असेल तर आयत्याच्या वाटेला जाऊ नका, आणि या दोन्हींच्या आधी हातात असलेला गोल ब्रश नीट बघा. निम्म्या वेळा नवा ब्रश लागतच नाही.

आधी थोडं फोटोपीबद्दल. इव्हान कुत्स्किर यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा एडिटर फुकट आहे, जाहिराती दाखवतो, आणि तुमची फाइल सर्व्हरवर न पाठवता तुमच्याच कॉम्प्युटरवर उघडतो. पान एकदा लोड झालं की इंटरनेट गेलं तरी काम चालू राहतं. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ज्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे ही मोठीच सोय. ब्रशांच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट ही की तो फोटोशॉपची एबीआर फाइल, म्हणजे ब्रश साठवायची फाइल, वाचतो. फाइल ओढून खिडकीत टाकली की तिच्यातले ब्रश यादीत येऊन बसतात.

आयत्या संचांचं बळ पोतात आहे. धूर, ढग, शाईचे शिंतोडे, भिंतीचे पोपडे, गवत, पावसाच्या धारा. यातलं काहीही स्वतः बनवायला बसलात तर दिवस जाईल, आणि शेवटी निघेल ते कुणीतरी आधीच चांगलं केलेलं असेल. नाटकाच्या पोस्टरला मागे थोडं धुकं हवंय, उद्या सकाळी छापायला जायचंय, अशा वेळी सरळ उतरवून घ्या.

पण तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे हक्क. डेव्हियंटआर्ट किंवा ब्रशीझीसारख्या ठिकाणी फुकट म्हणजे कशालाही वापरा असं नव्हे. काही संच फक्त वैयक्तिक कामासाठी असतात, काहींना श्रेय द्यावं लागतं. गिऱ्हाइकाचं काम असेल तर सोबतची टेक्स्ट फाइल उघडून वाचाच. दुसरी, संच फोटोशॉपसाठी बांधलेला असतो. टोकाचा आकार नीट येतो, पण ते टोक पेनाच्या दाबाला कसं वागतं, त्यावर दुसरा पोत कसा चढतो, हे मूळ प्रोग्राममध्ये दिसतं तसंच इथे उतरेल असं धरून चालू नका. चित्रात भुरळ पाडणारा जलरंगाचा ब्रश इथे नुसता डाग उमटवतो, असं होऊ शकतं. तिसरी गोष्ट म्हणजे पसारा. दोनशे ब्रश उतरवायचे आणि चार वापरायचे, हा सगळ्यांचाच अनुभव. चार ठेवा, बाकीचे लगेच उडवा. नाहीतर पुढच्या वेळी शोधण्यातच चहा गार होतो.

आता अक्षरांकडे येते, कारण मराठी माणूस आयत्या ब्रशात सगळ्यात जास्त इथे फसतो. नेटवरचे कॅलिग्राफीचे बहुतेक ब्रश रोमन लिपीसाठी बनलेले असतात. त्यांचं चपटं टोक खाली डावीकडून वर उजवीकडे कललेलं असतं. देवनागरीचा बोरू नेमका उलटा कापतात. त्याची धार वर डावीकडून खाली उजवीकडे उतरते. त्यामुळे देवनागरीत उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरकी रेघ जाड पडते आणि डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. रोमन ब्रशाने ‘र’ काढा. त्याचा खाली सुटणारा पाय जाडजूड होतो, जिथे जाडी हवी तिथे अक्षर वाळतं. काहीतरी चुकतंय हे डोळ्याला लगेच कळतं, पण काय ते सांगता येत नाही. मग लोक दुसरा संच उतरवतात. तोही तसाच निघतो.

यावर उपाय नवा ब्रश नाही. साधा कडक गोल ब्रश घ्या, हार्डनेस पूर्ण ठेवा, राउंडनेस १० ते १५ टक्क्यांवर आणा म्हणजे वर्तुळाची पट्टी होते, आणि कोन असा फिरवा की छोट्या चित्रात ती पट्टी वर डावीकडून खाली उजवीकडे कललेली दिसेल. आकड्यात सांगायचं तर ४५ नव्हे, १३५ किंवा उणे ४५. आकड्यापेक्षा चित्रावर विश्वास ठेवा. मग स्पेसिंग १ ते ३ टक्क्यांपर्यंत खाली आणा, कारण ब्रशची रेघ म्हणजे खरं तर एकामागून एक उमटवलेले ठसे असतात, आणि ते लांब लांब पडले की काठ करवतीसारखे दिसतात. शिरोरेषा आणि काना सारख्याच जाडीचे आले की कोन बरोबर बसला. एवढ्या कामाला नवी फाइल लागत नाही, हक्काचा प्रश्न नाही, आणि हा बोरू लहान-मोठा केला तरी फाटत नाही, कारण तो चित्रातून आलेला नसून गणिताने काढलेला आहे.

स्पेसिंगचीच दुसरी गंमत: राउंडनेस पुन्हा पूर्ण करून तीच १५० टक्क्यांवर नेली की रेघ सुटते आणि रांगोळीचे ठिपके पडतात. शिफ्ट दाबून सरळ ओढलं की ओळ तयार. ‘रांगोळी ब्रश’ म्हणून वेगळं काही शोधत बसायची गरज नाही.

तर मग स्वतः घडवायचा कधी? जेव्हा तुम्हाला एका विशिष्ट साधनाची खूण हवी असते तेव्हा. वारली चित्रांचं उदाहरण घ्या. तिथे रेघ येते ती टोक चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. ती कधी भरलेली, कधी कोरडी असते, पण यंत्रासारखी एकसारखी कधीच नसते. गोल ब्रशाने काढलेली वारली आकृती लग्नपत्रिकेच्या क्लिपआर्टसारखी दिसते, त्याचं कारण हेच.

कृती अवघड नाही, पण एका जागी घात होतो. काडी किंवा आइस्क्रीमची पट्टी काळ्या पोस्टर कलरमध्ये बुडवा, जाड पांढऱ्या कागदावर वेगवेगळ्या दाबाने ठसे उमटवा, वाळू द्या आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढा किंवा स्कॅन करा. फोटोपीमध्ये उघडा, एक चांगला ठसा क्रॉप करा, रंग काढून टाका. ब्रश बनताना गडद भाग उमटतो, पांढरा भाग पारदर्शक होतो, मधले राखाडी भाग अर्धवट उमटतात. पांढरा म्हणजे शुद्ध पांढरा. फोटोतला कागद डोळ्यांना पांढरा वाटला तरी मशीनला तो फिकट राखाडी दिसतो, आणि मग प्रत्येक ठशाभोवती अंधूक चौकोन येतो. एका ठशात तो दिसत नाही. रेघ ओढली की थरावर थर चढून काठाला मळकट पट्टा तयार होतो. म्हणून लेव्हल्स, म्हणजे गडद-उजळपणा जुळवायची खिडकी, उघडून पांढऱ्याची खूण आत सरकवा, कागद पूर्ण उडेपर्यंत. मग ठशाभोवती सिलेक्शन करून एडिट – डिफाइन न्यू – ब्रश. गेरूच्या रंगावर पांढऱ्याने काढलेल्या खऱ्या चित्रातून ठसा उचलत असाल, तर त्याआधी इन्व्हर्ट करायला विसरू नका, नाहीतर ठशाऐवजी भिंतच ब्रश बनेल.

आकार जरा मोठाच ठेवा, ५०० ते १००० पिक्सेलच्या आसपास. ठशातून बनलेला ब्रश लहान करता येतो, मोठा केला की धूसर होतो. आणि पान, पंख किंवा काडीसारखं दिशा असलेलं टोक असेल तर ते उजवीकडे तोंड करून आडवं ठेवा. पुढे ब्रशच्या सेटिंगमधल्या टिप डायनॅमिक्समध्ये कोनाला रेघेची दिशा जोडली की ते वळणाबरोबर वळतं. उभं ठेवलंत तर पानं वेलीवर आडवी लटकतील. आकारात आणि कोनात किंचित जिटर, म्हणजे आपोआप होणारा कमी-जास्त फरक, दिला की तोच ठसा पुन्हा पुन्हा आल्याचं लक्षात येत नाही.

एक गोष्ट मात्र या मार्गाने होत नाही. अशा टोकात रंग साठत नाही, साठते ती फक्त गडद-फिकी छटा. झेंडूचं तोरण काढायला केशरी-पिवळ्या फुलाचा ब्रश केलात तर फूल एकाच रंगात उमटेल. कलर डायनॅमिक्समधून छटा बदलता येतात, पण पाकळी वेगळी आणि मधला भाग वेगळा असं नाही जमत. इथे गिंप हा इन्स्टॉल करायचा फुकट एडिटर पुढे आहे. त्यात रंगीत ब्रश होतो, शिवाय जीआयएच नावाच्या प्रकारात अनेक चित्रं एका ब्रशात भरता येतात. पाच वेगवेगळी फुलं पाच लेअरवर ठेवून एक्स्पोर्ट केलीत की रेघ ओढताना ती आलटूनपालटून पडत जातात. नवरात्रीच्या आधी ज्यांना वीस बॅनर करायचे असतात त्यांनी एवढ्यासाठी तरी गिंप टाकून घ्यावं. एबीआरमधली टोकं तोही वाचतो.

क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रामची गोष्ट वेगळी. तो चित्रकारांसाठीच बांधलेला आहे, त्यात रंग कालवणारी, केसांसारखी, फवाऱ्यासारखी अशी वेगवेगळी ब्रश इंजिनं आहेत, आणि ब्रश घडवणं हा तिथे स्वतंत्र छंदच होऊन बसतो. रोज तासन् तास पेन टॅबलेटवर चित्र काढणार असाल तर ब्राउझरमध्ये झगडण्यात अर्थ नाही, क्रिटा घ्या. तोही फुकट आहे. पण दिवसाचं काम म्हणजे फोटो, थोडं अक्षर आणि एखादा पोत असेल, आणि शेवटी फोटोशॉपची पीएसडी फाइल कुणाला तरी द्यायची असेल, तर फोटोपी सोडायचं कारण मला दिसत नाही. क्लेकी नावाचा हलका ड्रॉइंग बोर्डही ब्राउझरमध्ये झटकन उघडतो, मुलांना रेघोट्या मारायला छान, पण तिथे मोजके ठरलेले ब्रश वापरायचे. या प्रश्नात तो बसत नाही.

पेन टॅबलेट असूनही ब्राउझरमध्ये रेघेची जाडी बदलत नसेल तर ब्रशला दोष देण्याआधी विंडोजवर टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक चालू आहे का ते बघा. आयता असो वा घरचा, दाबच पोचत नसेल तर दोन्ही सारखेच मुके.

आणि सांभाळायचं कसं, तेही निवडीआधीच ठरवा. फोटोपीत भरलेले ब्रश ब्राउझरच्या साठ्यात राहतात. ब्राउझरचा डेटा साफ केलात की तेही जातात. आयता संच पुन्हा उतरवता येतो, तुमच्या काडीचा ठसा नाही. म्हणून ब्रशच्या मेनूतून एबीआर एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर ठेवा, आणि लेव्हल्स लावून साफ केलेला मूळ ठसा पीएनजीमध्ये वेगळा जपा. उद्या गिंप किंवा क्रिटाकडे गेलात तर त्या पीएनजीतून तिथलाही ब्रश बनतो.