स्लीव्ह सर्जरीनंतरचा डबा: बसस्टँडमागच्या काकूंकडून नक्की घ्या

भावाची स्लीव्ह सर्जरी (वजन कमी कराले पोटाची पिशवी कापून लहान करतात ते ऑपरेशन) नागपूरले झाली, घरी आल्यावर मोठा प्रश्न जेवणाचा, कारण सुरवातीचे दोनेक हप्ते नुसतं पातळच अन् मंग वाटलेलं, गुठळी नको. तालुक्यातल्या या काकूंचा डबा लावला अन् जीवात जीव आला! डाळीचं पाणी दोनदा गाळलेलं, तर्रीचा थेंब नाही, पुढं मूग-पनीर मिक्सरमधून असं फिरवलेलं का चमच्यावरून पेजीसारखं सरकते. डाएटिशियननं दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलं, ते नुसत्या डब्यानं होत नाही, पावडर लागतेच. दोन-चार चमच्यातच पोट भरते म्हणून अर्धाच डबा मागा, काकू पैसेही अर्धेच घेतात. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासानं घोट घोट द्या. ताक मात्र आंबट येते, ते घरचंच बरं.