पुण्याची गाडी की गावातलं सिव्हिल?

मूल दोन वर्षांचं झालं तरी हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका येते. अशा वेळी सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला: "पुण्याला दाखवा." हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघायचं. तिथल्या खासगी केंद्रात बालविकासतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ एका छताखाली भेटतात आणि अहवाल सविस्तर मिळतो. पण थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा लागते. त्यासाठी अडीचशे किलोमीटर कोण जाणार? विडी वळणाऱ्या आईचा बुडालेला रोज तर कुणी धरतच नाही.

दुसरा मार्ग सरकारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासतात. शंका आली की पुढे पाठवतात. हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणून दहावीतल्या पोराचाही विचार व्हायला हवा, जो सहसा होत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची 'इसा' ही स्वमग्नता मोजणारी चाचणी ४० मुद्द्यांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. रांग मात्र लांब.

एक मुद्दा दोन्हीकडे निसटतो. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी. "दोन भाषांमुळे उशिरा बोलतोय" म्हणत वर्ष जातं. दोन भाषांनी स्वमग्नता येत नाही. आईशी तेलुगूत बोलणारा तपासनीस असेल, तर माझ्या मते तो महागड्या अहवालापेक्षा मोलाचा.

मी निदानासाठी हवं तर एकदा पुणे म्हणेन. थेरपी सोलापुरातच, आणि ती अहवालाची वाट न बघता.