मिरकरवाडा बंदरावरची मासळी: कधी जावं, काय बघून घ्यावं

रत्नागिरीत राहण्याचे फायदे मोजायला बसलं तर मांडवीची संध्याकाळ आणि भाट्याची पुळण आधी आठवते. पण रोजच्या ताटाला लागणारा फायदा म्हणजे मिरकरवाडा बंदर. ताज्या मासळीसाठी शहरात याहून चांगली जागा नाही, फक्त तिथे वेळ सांभाळावी लागते.

होडी लागली की क्रेट धक्क्यावर उतरतात आणि लिलाव सुरू होतो. घरगुती गिऱ्हाइकाने लिलावात पडू नये, कारण तिथे अख्खी टोपली उचलावी लागते. माल घेतलेल्या बायका पाट्या मांडतात, त्यांच्याकडून घ्यावं. सुरमई-पापलेट वजनावर मिळतं, बांगडा-तारली बहुतेक वाट्यावर, म्हणजे ढिगाने. वाट्यात वर मोठे नग आणि खाली बारके असतात, तेव्हा "मावशी, जरा पालथा करून दाखवा" म्हणायला लाजू नका. वजन साफ करण्याआधीचं असतं. किलोभर बांगडा डोकी-आतडी काढल्यावर साधारण सहाशे ग्रॅमच्या आसपास उरतो, त्या हिशेबानेच घ्या.

उजाडताना जावं. एकदा ऊन चढलं की उघड्या पाटीवरचा माल झपाट्याने उतरतो, आणि सगळ्यात आधी बांगडा. त्याच्या मांसात मुळातच हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. उष्णतेत जंतू त्याचं हिस्टॅमिन करतात आणि मग खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे, खाज, डोकेदुखी असा त्रास होतो. हे हिस्टॅमिन तळून किंवा उकळून जात नाही आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. म्हणून बिनबर्फाचा बांगडा दुपारी कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

ताजेपणा कल्ल्यांवरून बघा. ते लालभडक हवेत, तपकिरी झाले असतील तर पुढे चला. डोळा फुगीर आणि स्वच्छ, पोट घट्ट. सुरमईच्या तुकडीत मांस काट्याला चिकटलेलं हवं, सुटं होत असेल तर ती शिळी. कोळंबीचं डोकं काळं पडून लोंबत असेल तर तिला बराच वेळ झालेला असतो.

थर्माकोलचा डबा घरूनच न्या. तळाला बर्फाचा चुरा, मग मासळी, वर पुन्हा चुरा, आणि मासळीच्या वजनाइतकाच बर्फ. मोठे खडे टाकले तर त्यांच्या धारेने मांस फाटतं, शिवाय मधे पोकळ्या राहतात. डब्याच्या तळाला छोटं भोक हवंच, कारण वितळलेल्या पाण्यात बुडालेली मासळी पचपचीत होते. पायात पकड असलेली रबरी चप्पल घाला, धक्का कायम ओला असतो. सुटे पैसेही जवळ असू द्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात दिसणारी मोठी सुरमई बहुधा शीतगृहातली किंवा पूर्व किनाऱ्यावरची असते, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. ताज्याच्या भावाने ती घेऊ नका, त्या दिवसांत खाडीची मासळी बरी.

आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या सुक्या मासळीची खरेदी मेमध्येच उरका. कडक उन्हाचा खरा उपयोग इथे होतो. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी घेताना एक मोडून बघा: कटकन तुटला तर नीट सुकलेला, वाकला तर आत ओल आहे आणि पावसात त्याला बुरशी धरणार. खाऱ्या बांगड्याच्या पोटातली घडी उघडून बघा, ओल तिथेच राहते. घरी आणल्यावर सगळं पातळ कापडाखाली दोन उन्हं दाखवा. मग सावलीत पूर्ण निवू द्या आणि त्यानंतरच काचेच्या बरणीत भरा. गरम असतानाच झाकण लावलं तर आतून पाणी सुटतं आणि चांगला सुकलेला मालही जुलैपर्यंत टिकत नाही.